जादू शिकायला पुस्तक कोणतं घ्यावं? नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जादू शिकू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुस्तक कोणतं घेऊ? त्याचं उत्तर मी खाली दिलं आहेच, नावानिशी. पण त्याआधी एक सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत. पुस्तकात किती प्रयोग आहेत ते मोजू नका. त्यातला कोणताही एक प्रयोग उघडा आणि तो कसा शिकवला आहे ते पाहा.

व्हिडिओ फुकट मिळतात. मग पुस्तक कशाला?

व्हिडिओ मी स्वतःही पाहतो. एखादी हालचाल किती वेगाने करायची, हे व्हिडिओत एका क्षणात कळतं आणि पुस्तकाला त्यासाठी अर्धं पान खर्ची घालावं लागतं. पण व्हिडिओवरून शिकलेला माणूस नकळत समोरच्या जादूगाराची नक्कल करतो. तेच वाक्य, त्याच जागी थांबणं, तेच हसू. पुस्तकाला आवाज नसतो आणि चेहराही नसतो. 'इथे प्रेक्षकाला पत्ता लक्षात ठेवायला सांगा' एवढंच लिहिलेलं असतं. ते कोणत्या शब्दांत सांगायचं, त्या वेळी नजर कुठे ठेवायची, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं आणि त्यातूनच तो प्रयोग तुमचा होतो.

दुसरं कारण क्रमाचं आहे. व्हिडिओ एक प्रयोग शिकवून संपतो. चांगलं पुस्तक आधी पत्ते हातात कसे धरायचे ते सांगतं, मग पिसायचे कसे, मग त्या पिसण्यात एक पत्ता जागेवर कसा ठेवायचा, आणि मग त्यावर बेतलेले प्रयोग देतं. हा क्रम लिहिणाऱ्याने अनेक वर्षं शिकवून बसवलेला असतो.

माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे: आधी पुस्तक वाचायचं, हातात वस्तू घेऊन करून बघायचं, आणि एखादी हालचाल खरोखरच अडली तर तेवढीच व्हिडिओत पाहायची.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर?

मार्क विल्सन यांचं 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक'. पहिल्यांदा १९७५ मध्ये आलं. विल्सन अमेरिकेतल्या टेलिव्हिजनवर जादूचे कार्यक्रम करणारे जादूगार होते, आणि ती सवय पुस्तकात दिसते: प्रत्येक पायरीला चित्र आहे. पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, कागदी नोटा, रबर बँड, पेले आणि चेंडू, मनातलं ओळखण्याचे प्रयोग, अगदी मंचावरचे मोठे प्रयोगही त्यात आहेत.

नवशिक्याला हेच का सुचवतो? आपल्याला काय आवडतं हे सुरुवातीला आपल्यालाच माहीत नसतं. पत्त्यांची आवड म्हणून सुरुवात केलेला माणूस दोरीच्या प्रकरणात रमलेला मी पाहिला आहे. सगळ्याची थोडी थोडी चव देणारं पुस्तक आधी हवं, मग एका विषयाचं.

पुस्तक चांगलं आहे की नाही, हे पाच मिनिटांत कसं ओळखू?

मधलंच कुठलंही पान उघडा. एक प्रयोग निवडा. पहिल्या परिच्छेदात प्रेक्षकाला काय दिसणार हे लिहिलेलं आहे का? तेवढा परिच्छेद वाचून तुमच्या डोळ्यांसमोर प्रसंग उभा राहिला पाहिजे. लेखक थेट 'खालचा पत्ता गुपचूप पाहून ठेवा' असं सुरू करत असेल, तर त्याला गुपित सांगायची घाई झाली आहे. शिकवायचं त्याच्या मनात नाही.

मग पुढे वाचा. काय साहित्य लागतं आणि आधी काय तयारी करायची, हे वेगळं सांगितलेलं असावं. कोण कुठे बसलं असेल तर प्रयोग उघडा पडतो, म्हणजे कोनांचा विचार, केलेला असावा. प्रयोग संपल्यावर हातात लपलेलं नाणं कुठे न्यायचं हेही यायला हवं; ही शेवटची गोष्ट वाईट पुस्तकं हमखास गाळतात. आणि जादूगार या सगळ्या वेळात बोलतोय काय, याचा नमुना तरी असावा.

हे जास्त जवळून दाखवायचं तर फ्रेंच ड्रॉप घ्या. नाणं नाहीसं करायची ही अगदी जुनी, सोपी वाटणारी हातचलाखी जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असते, त्यामुळे दोन पुस्तकं ताडून बघायला फार सोयीची.

साधारण पुस्तकात एवढंच असतं: 'डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या टोकांत नाणं आडवं धरा. उजव्या हाताने ते घेतल्याचा आव आणा, पण प्रत्यक्षात नाणं डाव्या हातातच पडू द्या.' यात चूक काही नाही. फक्त यावरून कोणालाही ते जमणार नाही.

चांगलं पुस्तक सुरुवातच वेगळी करतं. ते म्हणतं, आधी नाणं खरोखर घ्या. दहा वेळा घ्या. उजवा अंगठा नाण्याखालून जातो, बोटं वरून येतात, मूठ मिटते, हात बाजूला जातो, आणि तुमचे डोळे कुठे असतात? उजव्या मुठीवर, कारण नाणं तिथे आहे. डावा हात त्या वेळी काय करतो? क्षणभर तिथेच रेंगाळतो आणि मग सैल होऊन आपोआप खाली येतो. हे सगळं नीट पाहून झालं की मग पुस्तक सांगतं: आता सगळं अगदी तसंच करा, फक्त उजव्या बोटांनी नाणं झाकलं की डावा अंगठा किंचित उचला. नाणं डाव्या बोटांच्या मुळाशी पडेल. उजवी मूठ आत नाणं असल्यासारखीच मिटा, तिच्याकडेच पाहा, आणि डावा हात दचकून मागे घेऊ नका.

दोन्हींत गुपित एकच आहे. दुसऱ्यात मात्र शिक्षक आहे. पुस्तक निवडताना मी हाच एक परिच्छेद शोधून वाचतो, आणि माझा निर्णय बहुतेकदा तिथेच होतो.

शेकडो प्रयोगांची जाडजूड पुस्तकं घ्यावीत का?

माझं पहिलं पुस्तक मी जाडी बघूनच घेतलं होतं. शंभराहून जास्त प्रयोग होते, प्रत्येकाला सात-आठ ओळी. महिनाभर रोज चाळलं. गुपितं भरपूर कळली, पण त्या महिन्यात एकाही माणसाला एकही प्रयोग दाखवला नाही, कारण दाखवण्याइतकं काहीच त्यात शिकवलेलं नव्हतं. ती रुखरुख अजून आहे, म्हणून सांगतो: जाडी वाईट नाही. विल्सन यांचं पुस्तकही जाडच आहे. पानांना प्रयोगांनी भागून बघा. एका प्रयोगाला दीड-दोन पानं आणि चित्रं मिळत असतील तर खुशाल घ्या.

पत्त्यांनीच सुरुवात करायची आहे. मग कोणतं?

पत्ते आवडत असतील तर जरूर त्यांच्यापासूनच सुरुवात करा. इथे दोन वाटा आहेत.

हाताला वळण लावायची तयारी असेल तर जाँ ह्युगार्ड आणि फ्रेडरिक ब्रॉवे यांचं 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक' घ्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे पुस्तक आजही सुचवलं जातं ते त्याच्या रचनेमुळे. पहिलं प्रकरण ओव्हरहँड शफलचं, म्हणजे एका हातातल्या कॅटमधून दुसऱ्या हातात थोडे थोडे पत्ते सोडत पिसण्याचं. ते पिसणं वापरून वरचा पत्ता वरच कसा राखायचा, खालचा वर कसा आणायचा, हे आधी येतं आणि लगेच त्याच कौशल्यावरचे प्रयोग येतात. पुढच्या प्रकरणात नवं कौशल्य, पुन्हा त्यावरचे प्रयोग. म्हणजे नुसता रियाज करत महिनोन्‌महिने बसावं लागत नाही. शिकलेलं लगेच दाखवता येतं. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे आणि चित्रं मोजकी, हा तोटा आहे.

ज्यांना अधिक सविस्तर, अधिक आधुनिक मांडणी हवी त्यांच्यासाठी स्विस जादूगार रोबर्टो जॉबी यांची 'कार्ड कॉलेज' ही पाच खंडांची मालिका आहे. पहिल्या खंडात पत्ते धरण्यापासून सगळं आहे, आणि चित्रं स्वच्छ आहेत. माझ्या मते आज पत्त्यांचं शिक्षण याहून नीट कुठेच लिहिलेलं नाही. मात्र पाचही खंड एकदम घेऊ नका. पहिल्या दोन खंडांत वर्षभराचं काम आहे.

दुसरी वाट हातचलाखीविना चालणाऱ्या प्रयोगांची. तिच्यासाठी पुढचं उत्तर.

'सेल्फ-वर्किंग' म्हणजे काय? ते कमी दर्जाचं असतं का?

ज्या प्रयोगात हातचलाखी लागत नाही, पत्त्यांची मांडणी किंवा गणितच काम करून जातं, त्याला सेल्फ-वर्किंग म्हणतात. कार्ल फल्व्ज यांचं 'सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स' (१९७६) हे या प्रकारातलं सर्वांना माहीत असलेलं पुस्तक. त्यात ७२ प्रयोग आहेत. लहानसं आहे आणि लगेच कामाला लागता येतं.

कमी दर्जाचं मुळीच नाही. उलट मला ते शिकायला अवघड वाटतं, फक्त अवघडपणा दुसरीकडे असतो. २१ पत्त्यांचा प्रयोग बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो. तीन रांगांत पत्ते वाटायचे, प्रेक्षकाने आपला पत्ता कोणत्या रांगेत आहे ते सांगायचं, ती रांग उचलताना मधे ठेवायची. असं तीन वेळा केलं की पत्ता वरून ११वा येतो. कधीच चुकत नाही. तरीही बघणारा कंटाळतो, कारण तीन वेळा वाटणं म्हणजे ६३ पत्ते टाकले जाताना बघत बसणं. गणित तुमच्या बाजूने आहे, आता प्रेक्षकाला त्या वेळात गुंतवून ठेवायचं काम तुमचं. हात मोकळे असतात म्हणून बोलणं, नजर, थांबणं या गोष्टी शिकायला सेल्फ-वर्किंगसारखी शाळा नाही. पुस्तक निवडताना हेच पाहा: '११वा पत्ता दाखवा' इथे लेखक थांबतो, की तो ११वा पत्ता उघड करायच्या दोन-तीन रंगतदार रीतीही देतो?

नाण्यांसाठी?

जे. बी. बोबो, 'मॉडर्न कॉइन मॅजिक', १९५२. दुसरं नाव घ्यायची गरज वाटत नाही. नाणं तळव्यात, बोटांत लपवायचे प्रकार आधी येतात, मग नाहीसं करणं, मग प्रयोग. मात्र ते कोशासारखं आहे. पहिल्या पानापासून ओळीने सगळे प्रकार घोटायला गेलात तर उत्साह मावळेल. लपवायचे दोन प्रकार आणि नाहीसं करायचे दोन प्रकार निवडा, आणि पुस्तक मिटून महिनाभर तेवढंच करा. नाणं बोटांत लपवून चहाचा कप उचलता आला, दार उघडता आलं, की पुढे जा.

मनातलं ओळखायची जादू शिकायची आहे. थेट तिथून सुरुवात करू का?

थेट नको, असं माझं मत आहे. या प्रकाराला मेंटॅलिझम म्हणतात, आणि कोरिंडा यांचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम' हा त्याचा पायाचा ग्रंथ. आधी तेरा वेगळ्या पुस्तिका होत्या, नंतर एकत्र बांधल्या गेल्या. स्मरणशक्तीची तंत्रं, भाकितं, डोळ्यांवर पट्टी बांधून करायचे प्रयोग, चिठ्ठ्या, पुस्तकातला शब्द ओळखणं, दोघांनी मिळून करायची टेलिपथी, असं एकेक पायरीवर आहे. शेवटची पायरी बोलण्याची आणि सादरीकरणाची.

अडचण पुस्तकात नाही. मेंटॅलिझममध्ये डोळ्यांना दिसण्यासारखं फार थोडं घडतं. नाणं नाहीसं झालं तर तुमचं बोलणं फसलं तरी नाणं नाहीसं झालेलं दिसतंच. मनातला शब्द ओळखताना मात्र सगळा भार तुमच्या बोलण्यावर आणि समोरच्याला सांभाळून घेण्यावर असतो. वर्षभर साध्या प्रयोगांनी लोकांसमोर उभं राहायची सवय करा, मग कोरिंडा उघडा.

अर्डनेसचं पुस्तक सगळे सुचवतात. घेऊ?

'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' १९०२ मध्ये शिकागोत निघालं. लेखकाचं नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस असं छापलं आहे, पण ते टोपणनाव, आणि त्यामागचा माणूस कोण याचा वाद आजही मिटलेला नाही. पुस्तकाचा मोठा भाग जुगारातल्या फसवाफसवीचा आहे, नंतर जादूच्या प्रयोगांचा. पत्त्यांवर प्रभुत्व असलेल्या कित्येक मोठ्या जादूगारांनी ते उभ्या आयुष्यात पुन्हा पुन्हा वाचलं, म्हणून ते सुचवलं जातं.

ते जमलेल्या हातासाठी लिहिलेलं आहे. वाक्यं दाट आहेत. एका वाक्यात चार बोटांची चार कामं सांगून लेखक पुढे जातो. रॉयल रोड किंवा कार्ड कॉलेजचे पहिले दोन खंड झाल्यावर हातात घेतलंत तर त्याच वाक्यांत खजिना सापडेल. आज घेतलंत तर वाटेल की आपल्याला हे जमणारच नाही, आणि ते खरं नसेल.

जुनी पुस्तकं फुकट आणि कायदेशीर मिळतात म्हणे?

हो. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तकं उघडपणे उपलब्ध आहेत. प्रोफेसर हॉफमन यांचं 'मॉडर्न मॅजिक' (१८७६) त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं. हॉफमन हेही टोपणनाव. खरे अँजेलो लुइस, पेशाने वकील. प्रयोग सविस्तर आणि क्रमवार शिकवणाऱ्या पुस्तकांची परंपरा इथून जोर धरते. पत्ते, नाणी, घड्याळं, अंगठ्या, रुमाल, टोपी अशी वस्तूंनुसार प्रकरणं आहेत.

पण पहिलं पुस्तक म्हणून नको. उंच हॅट आणि साखळीचं खिशातलं घड्याळ आज कोणाकडे असतं? शिवाय एक गंभीर इशारा: जुन्या पुस्तकांतले आग आणि रसायनं वापरणारे प्रयोग करू नका. त्या काळी सहज हाताळलेले काही पदार्थ विषारी किंवा स्फोटक आहेत. ती पानं इतिहास म्हणून वाचावीत.

आणि 'फुकट' म्हणून फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ वेगळी गोष्ट आहे. त्या चोरीच्या असतात. जादूच्या पुस्तकांच्या मुळात थोड्याच प्रती निघतात. लिहिणाऱ्याने आयुष्यभराचं काम त्यात ओतलेलं असतं. कृपया त्या घेऊ नका.

गुपितं पुस्तकात छापणं म्हणजे जादूचं रहस्य फोडणंच नाही का?

हा प्रश्न फार जुना आहे. १५८४ मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हे पुस्तक लिहिलं. चेटकीण ठरवून माणसांना मारणं चूक आहे, हे पटवून द्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी हातचलाखी करणारे लोक प्रयोग कसे करतात, तेही त्यात उघड केलं. इंग्रजीत जादूच्या पद्धती समजावणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ते मोजलं जातं. गुपितं छापली गेली, आणि तरीही जादू संपली नाही.

माझ्या मते फरक कष्टांचा आहे. ज्याला शिकायचं आहे तो पुस्तक शोधतो, वाचतो, हात दुखेपर्यंत करतो. त्याने गुपित कमावलेलं असतं. प्रयोग बघून थक्क झालेल्या माणसाला 'हे बघ, असं केलं' म्हणून सांगितलं तर त्याच्या हातातलं आश्चर्य काढून घेतलं जातं आणि बदल्यात त्याला फारसं काही मिळत नाही. पुस्तक मोकळ्या मनाने वाचा. प्रेक्षकाला मात्र सांगू नका.

वाचतो, पण काही समजत नाही. इंग्रजीमुळे असेल का?

थोडं इंग्रजीमुळे, पण जास्त करून बसून वाचल्यामुळे. जादूचं पुस्तक कथेसारखं वाचता येत नाही. कॅट हातात घ्या. एक वाक्य वाचा, तेवढीच हालचाल करा, थांबा. मग पुढचं वाक्य. एका पानाला तासभर लागला तर तो तास योग्य लागला.

शब्द फार थोडे आहेत आणि तेच तेच येतात. कॅट पालथा धरला की सगळ्यात वरचा तो 'टॉप', सगळ्यात खालचा 'बॉटम'. 'इनर एंड' म्हणजे तुमच्या पोटाकडची कडा, 'आउटर एंड' म्हणजे प्रेक्षकाकडची. 'कट' म्हणजे काटणं. 'कंट्रोल' म्हणजे निवडलेला पत्ता कॅटमध्ये हरवल्यासारखा दाखवून हव्या त्या जागी आणणं. 'फोर्स' म्हणजे तुम्हाला हवा तोच पत्ता प्रेक्षकाने मोकळेपणी निवडल्यासारखा त्याच्या हाती देणं. 'मिसडायरेक्शन' म्हणजे लक्ष दुसरीकडे नेणं. एका वहीत असे तीसेक शब्द तुमच्या भाषेत लिहून ठेवलेत की पुस्तक सोपं होतं.

चित्रांचंही एक पथ्य आहे. चित्र कोणाच्या नजरेतून काढलं आहे ते आधी ठरवा. काही चित्रं जादूगाराला आपले हात दिसतील तशी असतात, काही प्रेक्षकाला दिसतील तशी. हे उलट झालं की डावा-उजवा बदलतो आणि माणूस अर्धा तास भलतंच करत बसतो.

मी डावखुरा आहे.

सूचनांमधला डावा-उजवा सरळ बदलून वाचा आणि सुरुवातीपासून तसंच करा. पत्त्यांत एकच अडचण येते. पत्त्यावरचा आकडा आणि चिन्ह सहसा दोनच कोपऱ्यांवर छापलेलं असतं, त्यामुळे डाव्या हाताने उलट्या बाजूला पंखा पसरला की ते कोपरे झाकले जातात. चारही कोपऱ्यांवर छापलेला कॅट मिळतो. काही डावखुरे उजव्या हाताच्या पद्धतीनेच शिकतात आणि उत्तम करतात. दोन्ही दोन-दोन दिवस करून बघा.

मुलांसाठी कोणतं पुस्तक?

मूल स्वतः वाचतं का, यावर ठरवा. वाचत असेल तर विल्सन यांच्या पुस्तकातली दोरी, रबर बँड, कागद आणि रुमालाची प्रकरणं. लहान हातात पूर्ण आकाराचे पत्ते मावत नाहीत, त्यामुळे पत्ते लपवायचे प्रकार त्यांना जमत नाहीत, आणि मूल उगाच हिरमुसतं. सोबत मोठ्या माणसाने वाचावं हे सगळ्यात चांगलं. आणि मुलाने प्रयोग दाखवल्यावर 'मला कळलं' असं म्हणू नका. कळलं असलं तरी.

छापील की ई-बुक?

दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे सपाट उघडं राहणारं पुस्तक हवं. छापील पुस्तक मिटत राहत असेल तर दोन कडांना कपड्यांचे चिमटे लावा. टॅबलेटवर पान उलटायला हात मोकळा करावा लागतो आणि मधेच स्क्रीन बंद होते, पण चित्र मोठं करता येतं. मला छापीलच बरं वाटतं, कारण समासात पेन्सिलने लिहिता येतं: कोणती ओळ चुकीची समजलो होतो, कोणाला दाखवलं, काय फसलं.

सादरीकरणावरची पुस्तकं कधी वाचावीत?

चार-पाच प्रयोग दहा-पंधरा माणसांना दाखवून झाल्यावर. आधी वाचली तर ती उपदेशासारखी वाटतात, नंतर वाचली तर प्रत्येक पानावर आपलाच प्रसंग आठवतो. हेनिंग नेल्म्स यांचं 'मॅजिक अँड शोमनशिप' (१९६९) स्वस्त आवृत्तीत मिळतं आणि नाट्यकलेच्या नजरेतून लिहिलेलं आहे. त्यानंतर डार्विन ऑर्टिझ यांचं 'स्ट्राँग मॅजिक'. प्रयोग प्रेक्षकाच्या मनात नेमका केव्हा घडतो, याचा इतका बारीक विचार मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे.

दुसरं पुस्तक केव्हा घेऊ?

पहिल्या पुस्तकातले सहा प्रयोग तुम्ही पुस्तक न उघडता, न अडखळता अनोळखी माणसाला दाखवू शकलात की. टारबेल यांच्या आठ खंडांच्या 'टारबेल कोर्स'चं नाव तुम्ही तोवर ऐकलेलं असेल. १९२०च्या दशकात टपालाने पाठवायच्या धड्यांतून तो सुरू झाला. तो घ्यायची घाई नको, आयुष्यभर पुरणारा आहे.

पुस्तक आलं. पहिल्या संध्याकाळी काय करू?

प्रस्तावना वाचा, बहुतेक जण ती सोडतात. मग अनुक्रमणिका बाजूला ठेवून पहिल्या प्रकरणातला पहिलाच प्रयोग घ्या, तो कितीही साधा वाटला तरी. आधी फक्त प्रेक्षकाला काय दिसतं तेवढा भाग वाचा आणि पुस्तक पालथं ठेवा. 'हे मी कसं केलं असतं?' याचा दहा मिनिटं विचार करा. उत्तर चुकलं तरी चालेल. मग पुढे वाचा, हातात वस्तू घेऊन, एकेक ओळ. आरशासमोर वीस वेळा करा. आरशात तुमचेच डोळे गुपिताच्या हाताकडे वळताना दिसतील. ते थांबेपर्यंत कोणाला दाखवू नका. आठवड्याभरात घरातल्या एका माणसाला दाखवा, आणि 'पुन्हा दाखव' असं म्हणाले तर पत्ते खिशात ठेवा.